सातबारा कोरा, सिबिल नाही

वऱ्हाडात कर्जाची तडजोड कायद्याने करून घ्यायची रीत जुनी आहे. 1930 च्या मंदीत कापसाचे भाव पडले, शेतं सावकारांच्या घशात जाऊ लागली, तेव्हा मध्य प्रांत-वऱ्हाड सरकारात मंत्री असलेल्या डॉ. पंजाबराव देशमुखांनी कर्ज लवादाचा प्रश्न लावून धरला आणि 1933 साली कायदा झाला. सावकार आणि शेतकऱ्याला मंडळासमोर बसवायचं, रक्कम ठरवायची, हप्ते बांधून द्यायचे. लवादात गेलेल्याला पुन्हा पैसे देताना सावकार हात आखडता घेणारच; पण ती आठवण त्याच्या वहीत आणि चार गावांच्या बोलण्यात राहायची, त्यापलीकडे नाही.

आताची वही मुंबईत आहे. सिबिल ही कर्जफेडीची नोंद ठेवणारी कंपनी 2000 साली स्थापन झाली, व्यक्तींच्या कर्जाची माहिती ती 2004 पासून देऊ लागली आणि 2005 मध्ये पतमाहिती कंपन्यांचा कायदा आला. विदर्भातल्या शेतकऱ्याला बराच काळ याचं सोयरसुतक नव्हतं. पीककर्ज सोसायटीतून मिळायचं, गटसचिव घरचं सगळं जाणून असायचा. पुढे नागपूर, वर्धा आणि बुलडाणा या तीन जिल्हा बँका डबघाईला आल्या आणि त्यांच्या खातेदारांना राष्ट्रीयीकृत बँकांच्या दारात उभं राहावं लागलं. त्यातच जानेवारी 2015 मध्ये रिझर्व्ह बँकेने प्रत्येक कर्जदात्या संस्थेला सर्व पतमाहिती कंपन्यांचं सभासद व्हायला सांगितलं. माणूस न ओळखणारी शाखा आणि सगळं लक्षात ठेवणारं यंत्र, दोन्ही एकदमच वाट्याला आले.

याच काळात कर्जमाफ्याही झाल्या. 2008 च्या केंद्राच्या माफीत 2 हेक्टरपर्यंतच्या शेतकऱ्याचं थकीत कर्ज पूर्ण गेलं. त्याहून जास्त जमीन असलेल्याने 75 टक्के भरले तर 25 टक्के सूट. कोरडवाहू विदर्भात पाच-सात एकरवाला काही बडा शेतकरी नसतो, पण कागदावर तो मोठा ठरला. 2017 च्या राज्याच्या योजनेत दीड लाखाच्या वर थकबाकी असेल तर वरची रक्कम आधी भरा, मग दीड लाख सरकार देईल, अशी एकरकमी परतफेडीची अट होती. 2019 च्या योजनेत मर्यादा 2 लाख झाली.

माफी आणि बँकेचं स्वतःचं सेटलमेंट यांतला फरक गावात फारसा कोणी समजावून सांगत नाही, आणि खरी गोची तिथेच आहे. माफीत बँकेला सरकारकडून पैसे मिळतात. सेटलमेंटमध्ये बँक ठरलेली रक्कम घेऊन स्वतःच्या उरलेल्या येण्यावर पाणी सोडते, म्हणून खात्यावर ‘सेटल्ड’ असा शेरा पडतो. पुढच्या बँकेला तो अर्धवट फेडीसारखाच दिसतो. माफीतही खातं बंद झालं तरी आधी किती दिवस हप्ता थकला होता, तो इतिहास अहवालात उरतोच. सातबाऱ्यावरचा बोजा उतरवायला तलाठी आहे, या नोंदीला तसं कोणी नाही.

आणखी एक विसंगती. मार्चअखेर सावकाराकडून चार दिवसांसाठी पैसे उचलून ‘नवं-जुनं’ करणाऱ्याची, म्हणजे जुनं कर्ज फेडून लगेच नवं घेणाऱ्याची, नोंद स्वच्छ राहते. त्याने मोजलेलं व्याज कुठल्याच अहवालात येत नाही. आपण थकलो हे प्रामाणिकपणे मान्य करून बँकेशी तडजोड केलेला मात्र वाईट ठरतो. माझ्या मते पत मोजण्याच्या या पद्धतीतला हा सर्वांत मोठा आंधळेपणा आहे. आणि वेळेवर फेडणाऱ्यालाच 3 लाखांपर्यंतच्या पीककर्जावर व्याज सवलत देणाऱ्या राज्याच्या योजनेला नाव आहे, तेही डॉ. पंजाबराव देशमुखांचंच!

पीककर्जासाठी सिबिलचा अहवाल मागू नका, असं राज्यकर्ते बँकांना बजावत आले आहेत. पण शाखेतला अधिकारी अहवाल पाहिल्याशिवाय पुढे सरकत नाही, हेही तितकंच खरं.

दुरुस्तीच्या वाटा गेल्या दहा वर्षांत उघडल्या, त्याही हळूहळू. 2017 पासून प्रत्येक पतमाहिती कंपनीकडून वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट मिळतो. सेटलमेंटमध्ये सुटलेली रक्कम नंतर भरली तर बेबाकी दाखला (काही देणं उरलं नाही असा) घेऊन शेरा ‘बंद’ असा बदलून मागता येतो. मात्र बँकेने तशी माहिती वर कळवली का, हे पुढच्या अहवालात स्वतः तपासावं लागतं. चुकीच्या नोंदीची तक्रार 30 दिवसांत निकाली निघाली नाही तर दिवसाला 100 रुपये भरपाई, हा नियम 2024 पासून लागू आहे. बँकांनी ही माहिती महिन्याऐवजी दर पंधरा दिवसांनी कळवायची, असा नियम जानेवारी 2025 मध्ये लागू झाला. तरी 300 ते 900 च्या मापावर पतीचा आकडा (स्कोअर) वर चढतो तो नव्या फेडीनेच: ठेवीवर घेतलेलं छोटं कर्ज किंवा सोनेतारण, वेळेवर सोडवलेलं. आपण ज्याला जामीन राहिलो त्या शेजाऱ्याचं खातं थकलं तर त्याचीही झळ आपल्या अहवालाला बसते, म्हणून आपला अहवाल पाहताना जामिनकीची खातीही बघून घ्यावी लागतात.