जुना रेडिओ निघतो, तार मागे राहते

छोट्या विमानांत रेडिओसारखी उपकरणं आणि त्यांच्या तारा बसवणं हे आमचं काम. कराडजवळची वारुंजीची धावपट्टी १९५०च्या दशकात कोयना धरणाच्या कामासाठी झाली. तेव्हाच्या छोट्या विमानात इलेक्ट्रॉनिक म्हणावं असं फारसं काही नसे. १९५८मध्ये उडालेलं दोन आसनी ‘पुष्पक’ पुढे फ्लाइंग क्लबांत रुळलं, त्यातही होकायंत्र, उंचीमापक, वेगमापक एवढ्यावर काम भागे. रेडिओ असलाच तर व्हॉल्व्हचा, म्हणजे काचेच्या नळ्यांचा: जड, तापणारा आणि बॅटरी खाणारा.

ट्रान्झिस्टर आले, डबे हलके झाले आणि पॅनलमध्ये गर्दी सुरू झाली. जमिनीवरच्या केंद्राच्या संकेतावरून दिशा दाखवणारा व्हीओआर, रडारला विमानाची ओळख देणारा ट्रान्सपाँडर, मग जीपीएस. दर वेळी जुना डबा निघाला, तारा मात्र बहुतेकदा तशाच राहिल्या. आजही जुन्या सेसना १७२ या छोट्या विमानाच्या पॅनलमागे हात घातला की कुठेच न जाणाऱ्या दोन-चार तारा लागतात. पीव्हीसी वेष्टनाच्या असतील तर त्या काढाच; जळताना दाट, विषारी धूर होतो.

मोठा धडा मोठ्या विमानाने दिला. २ सप्टेंबर १९९८ रोजी स्विसएअर १११ हे प्रवासी विमान कॅनडात हॅलिफॅक्सजवळ समुद्रात कोसळलं, २२९ जण गेले. आग बहुधा तारेतल्या ठिणगीने लागली, आणि त्या भागात नंतर बसवलेल्या मनोरंजन यंत्रणेच्या तारा होत्या. ‘नंतर बसवलेल्या’ हे शब्द आमच्या कामात कायम लक्षात ठेवायचे.

तारा बसवण्याच्या नियमांमागची कारणं अशीच साधी आहेत. सर्किट ब्रेकर तारेला वाचवतो, रेडिओला नव्हे: २२ गेजच्या तारेला ५ अँपिअर, २०च्या तारेला साडेसात (गेजचा आकडा लहान तर तार जाड). ब्रेकर सारखा उडतो म्हणून मोठा टाकला, की तार स्वतःच फ्यूज होते. एकूण सततचा भार आल्टरनेटरच्या, म्हणजे इंजिनावर चालणाऱ्या जनित्राच्या, क्षमतेच्या ८० टक्क्यांत हवा, म्हणजे ६० अँपिअरला ४८. सोल्डर केलेली तार जिथे सोल्डर संपतं तिथेच ताठ होऊन कंपनाने तुटते, म्हणून क्रिंप, म्हणजे टोकाची धातूची टोपी तारेवर दाबून बसवणं, तोही रॅचेटच्या पक्कडीने (ती पूर्ण दाब बसल्याशिवाय सुटत नाही). दोन क्लॅम्पच्या मध्ये तारांची जुडी बोटाने दाबली तर अर्ध्या इंचाहून जास्त झुकू नये. इंधनाची नळी आणि जुडी शेजारी येणारच असतील तर जुडी वर, नळी खाली.

साताऱ्याकडच्या पावसात एक जागा हमखास चुकते: छतावरच्या अँटेनाची केबल. पाणी तिच्यावरून ओघळत थेट कनेक्टरमध्ये शिरतं. कनेक्टरच्या आधी केबलला खाली झोल द्यावा, पाणी तिथूनच टपकतं.

शेवटचं काम होकायंत्राचं. जवळून नवी तार गेली की सुई सरकते. विमान दिशादिशांना फिरवून खरी दिशा आणि होकायंत्राची दिशा यांतला फरक तक्त्यात टिपायचा, कोणत्याही दिशेला १० अंशांपेक्षा जास्त चालत नाही. आणि तक्त्यावर रेडिओ चालू होते की बंद, तेही लिहायचं.