डायलच्या मधोमधचा कागद: जुन्या ब्रिटिश फोनच्या लेबलांमागची कथा

जुना ब्रिटिश बेकलाइटचा (त्या काळच्या कडक प्लास्टिकचा) फोन हाती लागला की हौशी माणूस आधी त्याला पॉलिश करतो, वायर बदलतो, घंटी वाजते का बघतो. डायलच्या मधोमधच्या गोल कागदाकडे लक्ष जातं ते सगळ्यात शेवटी. तोवर तो कागद हरवलेला तरी असतो, नाहीतर पारदर्शक चकतीखाली पिवळा पडून वाचण्यापलीकडे गेलेला. मग इंटरनेटवरून तयार साचा उतरवायचा, हवा तो नंबर घालायचा, छापायचं आणि कात्रीने गोल कापायचं. गडबड होते ती इथेच. एक्स्चेंजचं (त्या भागातले फोन जोडून देणाऱ्या केंद्राचं) नाव १९३५ सालचं, खालची सूचना १९६० नंतरची, आणि फोन ज्या गावचा म्हणून मांडलाय तिथे दोन्ही एकत्र कधीच नव्हतं. फोन अस्सल, लेबल बनावट, असा मामला.

हे लेबल नीट समजायचं तर एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. ब्रिटनमध्ये १९१२ पासून जवळजवळ सगळ्या देशाची टेलिफोन सेवा टपाल खात्याकडे होती आणि फोन भाड्याने मिळायचा. (हल शहराची नगरपालिका तेवढी शेवटपर्यंत स्वतःचं चालवत राहिली, तिथल्या फोनचा हिशेब वेगळा.) यंत्र खात्याचं, लेबलही खात्याचं. नंबर बदलला की कागद बदलला. जुना फोन कारखान्यात परत गेला, दुरुस्त झाला, नव्या घरी बसला की पुन्हा नवा कागद. त्यामुळे फोनच्या अंगावर उठवलेलं साल आणि लेबलचं साल जुळलंच पाहिजे, हा हट्ट चुकीचा आहे. १९३७ साली आलेलं ते काळं, चौकोनी बुडाचं ‘३३२’ मॉडेल साठच्या दशकातही घरोघर वाजत होतं. लेबल पत्त्याचं असतं, यंत्राचं नसतं. मात्र पत्ता आणि साल एकदा ठरवलं की मग सवलत नाही.

आता अक्षरांचा गुंता. लंडनमध्ये १९२७ साली होल्बर्नला नव्या पद्धतीचं स्वयंचलित एक्स्चेंज सुरू झालं. प्रत्येक एक्स्चेंजला नाव होतं आणि नावाची पहिली तीन अक्षरं फिरवून पुढे चार आकडे फिरवायचे. पुढे बर्मिंगहॅम, मँचेस्टर, लिव्हरपूल, ग्लासगो आणि एडिंबरा इथेही हीच पद्धत आली. म्हणून या शहरांच्या डायलवर आकड्यांसोबत इंग्रजी अक्षरं दिसतात. २ वर ए-बी-सी, ३ वर डी-ई-एफ, असं करत ९ वर डब्ल्यू-एक्स-वाय. १ रिकामा, कारण डायल आकड्याइतके विजेचे ठोके लाइनवर पाठवायचं, आणि रिसीव्हर उचलताना एखादा चुकार ठोका पडला तर एक्स्चेंज त्याला १ समजण्याची भीती. झेडला जागाच नाही. आणि ओ आणि क्यू ही दोन अक्षरं थेट शून्यावर.

या ओ वर थोडं थांबायला हवं, कारण साचे बनवणाऱ्यांची सर्वाधिक पंचाईत तोच करतो. अमेरिकेत ओ सहावर होता, एम-एन-ओ असा. ब्रिटिशांनी त्याला शून्यावर नेलं, आणि त्यामागचं डोकं साधं होतं. ओ आणि शून्य दिसायला सारखे. माणसाने अक्षराऐवजी आकडा फिरवला तरी फोन लागला पाहिजे. म्हणून होल्बर्नचे एच-ओ-एल म्हणजे ४०५. अमेरिकन डायलवर तेच ४६५ झाले असते. पण याची किंमतही मोजावी लागली. शून्य ऑपरेटरचं होतं, त्यामुळे ओ ने सुरू होणारं एक्स्चेंजचं नाव लंडनला परवडणारं नव्हतं. शिवाय दोन नावांचे आकडे एकच येऊन चालत नसे. मग स्थानिक नावं बाजूला पडून साहित्यिक मदतीला आले. एनफिल्डच्या एक्स्चेंजचं नाव कीट्स, हॅरोकडच्या एकाचं बायरन. दोघांच्या शाळा त्या त्या भागातल्या, म्हणजे अगदीच ओढूनताणून नव्हतं.

नाव छापायचीही एक रीत होती. पहिली तीन अक्षरं मोठी आणि ठसठशीत, बाकीची लहान, मग नंबर. स्कॉटलंड यार्डचा ‘व्हाइटहॉल १२१२’ असाच लिहिला जाई, आणि डायल करताना होई ९४४ १२१२. लंडनच्या वाहतूक चौकशीचा ‘अ‍ॅबी १२३४’ म्हणजे २२२ १२३४. साच्यातून छापलेल्या लेबलांवर संपूर्ण नाव एकाच आकाराच्या अक्षरांत दिसलं की ते आजचं आहे, हे दुरून ओळखता येतं.

१९५८ साली ब्रिस्टलहून राणीने ऑपरेटरशिवाय एडिंबराला फोन लावला आणि ट्रंक डायलिंग सुरू झालं. आता अक्षरांना नवं काम मिळालं. गावोगावच्या कोडमध्ये गावाचं नाव दडवलं गेलं. ब्रिस्टल ०२७२, म्हणजे शून्य, बी-आर, दोन. केंब्रिज ०२२३, म्हणजे शून्य, सी-ए, तीन. ऑक्सफर्डला मात्र ओ आडवा आला, शून्यामागे पुन्हा शून्य कसं घालणार? म्हणून विद्यापीठाचे यू-एन घेऊन ०८६५. तेव्हा ‘अक्षरांचं डायल म्हणजे लंडनचा किंवा त्या पाच मोठ्या शहरांतला फोन’ हा ठोकताळा १९५८ आधी ठीक आहे, नंतर नाही. १९५९ नंतरच्या ‘७००’ मालिकेतल्या रंगीत फोनवर, अगदी खेड्यातल्यासुद्धा, अक्षरं सापडतात.

आणि मग जेमतेम दशकभरात ती सगळी काढून टाकली. १९६६ पासून मोठ्या शहरांचे नंबर नुसत्या आकड्यांचे होऊ लागले. खात्याची कारणं अशी: उच्चारता येईल अशा नावांचा साठा संपत आला होता. तीन आकड्यांच्या कितीतरी जोड्यांतून नुसता व्यंजनांचा गठ्ठा निघे, नाव बनत नसे, आणि त्या वाया जात होत्या. दुसरं, १९६३ साली लंडनहून पॅरिसला थेट फोन लागू लागला आणि परदेशांच्या डायलवरची अक्षरं जुळतात का, हा प्रश्न आला. पॅरिसचा ओ योगायोगाने शून्यावरच होता, पण न्यूयॉर्कचा सहावर. दोन्ही कारणं खरी आहेत. तरीही मला हा निर्णय गरजेपेक्षा सरसकट वाटतो. जुन्या नंबरांना हात न लावता नव्या एक्स्चेंजांना फक्त आकडे देता आले असते. लोक नावावरून भाग ओळखत होते, आणि ती ओळख पुसून हाती आलं काय, तर अ‍ॅबीचे २२२, जे आधीही २२२च होते. स्कॉटलंड यार्डचा १२१२ तेवढा टिकला, पुढचे आकडे मात्र २३० झाले आणि व्हाइटहॉल गेलं. खात्याची बाजू घेणारे म्हणतात की आकड्यांच्या जोड्या मोकळ्या झाल्या नसत्या तर लंडनची वाढ अडली असती. असेल. पण लेबल बनवणाऱ्यांपैकी बहुतेकांना नावाचंच लेबल हवं असतं, ‘०१-२२२’ चं (०१ हा लंडनचा कोड) कुणी मागत नाही.

सूचनांचं मात्र सोपं आहे, फक्त तारखा पाळायच्या. १९३५ साली लंडनच्या विम्पोल स्ट्रीटवर आग लागून पाच बायका गेल्या. शेजाऱ्याचा फोन ऑपरेटरच्या रांगेत अडकून पडला होता. त्यावर चौकशी झाली आणि ३० जून १९३७ रोजी लंडनमध्ये ९९९ सुरू झाला. २२२ घेता येत नव्हता, तो अ‍ॅबीचा. शून्य ऑपरेटरकडे जात होतं. १११ तारा एकमेकींना घासल्या तरी लागला असता. उरला ९: सार्वजनिक फोनवर शून्य आधीच फुकट फिरत होतं, शेजारच्या ९ ला तशी सोय करून देणं सोपं गेलं. यानंतर लेबलवर आग, पोलीस, रुग्णवाहिका यांच्यासाठी ९९९ फिरवा ही ओळ आली. पण ती आधी लंडनला, १९३८ ला ग्लासगोला, आणि बाकी बऱ्याच शहरांना युद्धानंतर. १९३८ सालचा म्हणून मांडलेल्या लीड्सच्या फोनवर ९९९ दिसला तर साचा लंडनचा आहे असं समजावं.

ऑपरेटरचंही तसंच. ट्रंक डायलिंग येईपर्यंत शून्य, आलं की १००. तेही गावागणिक वेगवेगळ्या साली. आपल्याकडच्या वाचकाला ‘१०० फिरवा’ वाचून पोलीस आठवतात, तिथे मात्र ती ऑपरेटरबाई. आपल्याकडे १९४८ साली बंगळुरूला सरकारी टेलिफोन कारखाना निघाला तो लिव्हरपूलच्या एका कंपनीच्या सहकार्याने, त्यामुळे आपले जुने काळे फोन आणि तिकडचे फोन यांच्यात घराणं एकच दिसतं. म्हणून इकडच्या फोनला तिकडचं लेबल डकवण्याचा मोह पुष्कळांना होतो. तसं करून फोन लंडनचा होत नाही.

ज्या गावात स्वयंचलित एक्स्चेंजच नव्हतं तिथे डायलची जागा कोऱ्या चकतीने झाकलेली असे आणि मधोमध फक्त गावाचं नाव आणि नंबर. अशी लेबलं बनवायला सर्वात सोपी आणि सर्वात कमी बनवली जातात. स्काय बेटावरच्या पोर्ट्रीचं हाताने चालणारं एक्स्चेंज १९७६ पर्यंत होतं, म्हणजे ९९९ चे साचे छापून गुळगुळीत झाल्यावरही तिकडे कोरी चकतीच चालू होती.

राहिला कागद. लेझर प्रिंटरची शाई कागदावर उठून चमकते आणि पारदर्शक चकतीखाली ती आणखी डोळ्यांत भरते. मॅट, किंचित मळकट पांढरा कागद घ्यावा. चहाच्या पाण्यात बुडवून जुनाट करायची युक्ती बरेच जण सांगतात, पण त्याचे डाग कडेला गोळा होतात, खरा कागद पिवळा पडतो तो मधोमध, उजेड लागेल तिथे. नंबर नावापेक्षा मोठा हवा. टंक संगणकात असेल तो सुबक टंक घेण्यापेक्षा जुन्या लेबलाचा चांगला फोटो मिळवून अक्षरांमधलं अंतर त्यावरून मोजावं.

१९८१ पासून फोन प्लगला लावायचे झाले, हळूहळू ते दुकानातून विकत मिळू लागले आणि खात्याच्या माणसाने घरी येऊन लेबल घालण्याचा प्रश्नच उरला नाही. लंडनचा ०१ पुढे १९९० मध्ये ०७१ आणि ०८१ झाला, १९९५ मध्ये ०१७१ आणि ०१८१, २००० मध्ये ०२०. जुनं डायल या सगळ्या काळात एक्स्चेंजला चालत होतं, आणि ते वापरणारे लोकही होते. कुणी हौसेने बेकलाइटच्या फोनवर ०१७१ चं लेबल घातलं असेल, तर ते १९९५ ते २००० या पाच वर्षांतलं म्हणून बिनदिक्कत चालेल. त्यावर खाली ‘ऑपरेटरसाठी ० फिरवा’ असं तेवढं नसावं.