सुगार्रामुर्दी

स्पेनच्या नाव्हारा प्रांतातील, फ्रान्सच्या सरहद्दीलगतची लहानशी बास्कभाषक ग्रामीण नगरपालिका. लोकसंख्या सुमारे सव्वादोनशे. शेजारचे उर्दाक्स आणि सरहद्दीपलीकडची सारा व ऐन्होआ ही गावे मिळून होणारा टापू शारेता या नावाने ओळखला जातो. नाव्हाराच्या १९८६ च्या भाषाविषयक कायद्यानुसार हे गाव बास्कभाषक विभागात मोडते. एकोणिसाव्या शतकात भाषाभ्यासक ल्वी-ल्यूसिएँ बोनापार्त यांनी येथील बोली नाव्हारी बोलींत न धरता फ्रान्समधील लाबूर प्रांताच्या बोलीत समाविष्ट केली होती. ग्रामनामात एल्म वृक्षाचे बास्क नाव व वनस्पतींची विपुलता दर्शविणारा ‘-दी’ हा प्रत्यय असावा, असे सामान्यतः मानले जाते. मधल्या घटकाविषयी मात्र एकमत नाही.

गावाची ख्याती १६०९-१० मधील चेटूक-खटल्यांमुळे झाली. लाबूरमध्ये काही काळ राहून परतलेल्या एका तरुणीने १६०८ च्या अखेरीस गावातील काही जणांवर चेटुकाचा आरोप केला. आरोपींनी प्रथम गावच्या चर्चमध्ये कबुली दिली व शेजाऱ्यांची क्षमा मागितली. प्रकरण तेथेच मिटले असते, परंतु ते लोग्रोन्यो शहरातील इन्क्विझिशनच्या (पाखंडाविरुद्धच्या कॅथलिक धर्मन्यायालयाच्या) न्यायपीठापर्यंत गेले. नोव्हेंबर १६१० मध्ये तेथे झालेल्या जाहीर शिक्षासमारंभात सहा जणांना जाळण्यात आले आणि कोठडीतच मरण पावलेल्या पाच जणांच्या प्रतिमा जाळण्यात आल्या. या न्यायपीठाच्या तीन न्यायाधीशांपैकी आलोन्सो दे सालासार फ्रीआस यांनी १६११-१२ मध्ये या प्रदेशात फिरून शेकडो जबान्या तपासल्या आणि चेटुकाचा कोणताही ठोस पुरावा मिळत नसल्याचे कळविले. त्यानंतर १६१४ मध्ये इन्क्विझिशनच्या सर्वोच्च मंडळाने अशा खटल्यांबाबत सावधगिरीचे नवे निर्देश दिले.

चेटकिणींच्या मेळाव्यासाठी स्पॅनिशमध्येही रूढ झालेला ‘आकेलार्रे’ हा शब्द या खटल्यांमुळेच प्रसृत झाला. ‘आकेर’ (बोकड) आणि ‘लार्रे’ (कुरण) यांवरून ‘बोकडाचे कुरण’ ही त्याची परंपरागत व्युत्पत्ती असून, मेळाव्यात सैतान बोकडाच्या रूपात प्रकटतो या समजुतीशी ती जुळते. दुसऱ्या मतानुसार मूळ शब्द ‘आल्का’ नावाच्या गवतावरून आलेले एक साधे स्थलनाम होते आणि बोकडाचा अर्थ त्यावर न्यायपीठाने लादला. या खटल्यांचे डॅनिश अभ्यासक गुस्ताव हेनिंगसेन यांच्या मते हा शब्द १६०९ च्या सुमारास इन्क्विझिशनच्या कागदपत्रांत प्रथम आढळतो. सुगार्रामुर्दीच्या जबान्यांत मेळाव्याच्या जागेचे नाव बेर्रोस्कोबेर्रो असे येते, हेही लक्षणीय आहे. बहुतेक आरोपींना केवळ बास्क येत असल्याने त्यांचे बोलणे दुभाष्यांमार्फत स्पॅनिशमध्ये उतरले. त्यामुळे ही संज्ञा गावकऱ्यांपेक्षा न्यायपीठाच्या लेखणीतून आली, हे मत अधिक संभाव्य वाटते. व्युत्पत्तीचा प्रश्न अर्थात यातून पूर्णपणे सुटत नाही.

गावाजवळील ‘सोर्गिनेन लेइसेआ’ (चेटकिणींची गुहा) ही वस्तुतः चुनखडकात ओढ्याने कोरलेला, सुमारे १२० मी. लांबीचा, दोन्ही टोकांना उघडा असलेला बोगदा आहे. त्यातून वाहणाऱ्या ओढ्याला ‘इन्फेर्नुको एर्रेका’ (नरकाचा ओढा) म्हणतात. जुन्या रुग्णालयाच्या इमारतीत २००७ मध्ये चेटकीण-संग्रहालय सुरू झाले. दरवर्षी १८ ऑगस्टला, ग्रामोत्सवाच्या अखेरीस, गुहेत ‘सिकिरो-याते’ हे सामूहिक भोजन होते. खच्ची केलेल्या मेंढ्यांचे मांस लांब लाकडी शूलांवर लावून, ते शूल निखाऱ्यांभोवती तिरपे रोवून भाजले जाते.