अभियांत्रिकीचा विकल्प अर्ज : पात्रता, कागदपत्रे आणि महाविद्यालयांची यादी आखूड करण्याची रीत

राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्षाच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेत, म्हणजे रोजच्या बोलण्यातल्या कॅप राऊंडमध्ये, उमेदवाराला एका विकल्प अर्जात 300 पर्यंत पर्याय नोंदवता येतात. येथे पर्याय म्हणजे महाविद्यालय नव्हे, तर एका महाविद्यालयातील एक शाखा होय. त्यामुळे एकाच संस्थेचे संगणक, स्थापत्य आणि यंत्र असे तीन पर्याय वेगवेगळे मोजले जातात. संपूर्ण राज्याची यादी समोर आली की पालक गोंधळतात, आणि मग एक तर नेट कॅफेवाला सांगेल ती वीस नावे भरली जातात किंवा भीतीपोटी जमतील तेवढी सगळीच. दोन्हींत नुकसान उमेदवाराचेच होते.

आधी पात्रता

बारावीला भौतिकशास्त्र व गणित आणि त्यांच्या जोडीला रसायनशास्त्र किंवा नियमांत नमूद केलेल्या विषयांपैकी एक असे विषय घेतलेले असावेत, आणि या तीन विषयांत मिळून खुल्या प्रवर्गासाठी किमान 45 टक्के, तर राज्यातील मागास प्रवर्ग, आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक व दिव्यांग उमेदवारांसाठी किमान 40 टक्के गुण असावेत. राज्य कोट्यातील जागांसाठी एमएचटी-सीईटी या राज्याच्या प्रवेश परीक्षेचा पीसीएम (भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित) गट दिलेला असणे आवश्यक असते. अखिल भारतीय जागांसाठी जेईई मेन्सचे गुण धरले जातात. सीईटी दिली म्हणजे प्रवेश प्रक्रियेत नाव आले असे नसते. त्यासाठी स्वतंत्र नोंदणी करून, कागदपत्रे अपलोड करून त्यांची ई-स्क्रुटिनीने, म्हणजे घरबसल्या ऑनलाइन, किंवा सुविधा केंद्रावर प्रत्यक्ष जाऊन पडताळणी करून घ्यावी लागते. त्यानंतर तात्पुरती गुणवत्ता यादी, तिच्यावरील हरकती, अंतिम गुणवत्ता यादी आणि सर्वांत शेवटी विकल्प अर्ज, असा क्रम असतो.

कागदपत्रे आणि त्यांचा यादीशी असलेला संबंध

दहावी व बारावीची गुणपत्रके, शाळा सोडल्याचा दाखला, अधिवास प्रमाणपत्र आणि आधार कार्ड ही कागदपत्रे बहुतेकांकडे असतात. अडचण प्रवर्गाच्या कागदपत्रांची येते. जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र आणि, अनुसूचित जाती व जमाती वगळता इतर मागास प्रवर्गांसाठी, नॉन क्रिमीलेअर प्रमाणपत्र ही तिन्ही लागतात. नॉन क्रिमीलेअरची मुदत प्रवेशाच्या शैक्षणिक वर्षाअखेरच्या 31 मार्चपर्यंत असावी लागते, म्हणजे 2026-27 च्या प्रवेशासाठी 31 मार्च 2027 पर्यंत. आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकाचे प्रमाणपत्र राज्य शासनाच्या विहित नमुन्यात असावे. सेतू केंद्रावर जून महिन्यात लागणारी रांग ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हे काम परीक्षेपूर्वीच उरकण्याचे महत्त्व सांगायला नको.

मराठवाड्यात एका गोष्टीचा विशेष विचार करावा लागतो. निजामकालीन नोंदींच्या आधारे ज्या कुटुंबांना कुणबी जातीचे दाखले मिळाले आहेत त्यांच्यापुढे इतर मागास प्रवर्गाचा मार्ग आहे, तर ज्यांच्याकडे तो दाखला नाही अशा मराठा उमेदवारांसाठी 2024 च्या कायद्याने दिलेले 10 टक्क्यांचे एसईबीसी, म्हणजे सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्गाचे, आरक्षण आहे. अर्जात प्रवर्ग एकच निवडायचा असतो, आणि तो कोणत्या दाखल्यावर टिकेल, विशेषतः वैधता प्रमाणपत्र कोणत्या प्रवर्गाचे हाती पडणार आहे, हे पाहूनच निवडावा. मुदतीत वैधता सादर झाली नाही तर उमेदवार खुल्या प्रवर्गात मोजला जातो. आरक्षित कटऑफ डोळ्यांपुढे ठेवून आखलेली सगळी यादी त्या क्षणी कोसळते. म्हणून ज्यांची वैधता अद्याप समितीकडे प्रलंबित आहे, त्यांनी खुल्या प्रवर्गाचा कटऑफ लावूनही हाती येतील असे काही पर्याय यादीत ठेवलेच पाहिजेत.

गृह विद्यापीठ कोणते, हे राहत्या गावावरून ठरत नाही

अनेक खासगी संलग्नित महाविद्यालयांत राज्य कोट्यातील 70 टक्के जागा त्या विद्यापीठ क्षेत्रातील उमेदवारांसाठी आणि उरलेल्या बाहेरच्या क्षेत्रांतील उमेदवारांसाठी असतात. महाराष्ट्रातून दहावी-बारावी झालेल्या आणि राज्याचा अधिवास असलेल्या किंवा येथेच जन्मलेल्या उमेदवाराचे, म्हणजे 'ए' प्रकारच्या उमेदवाराचे, गृह विद्यापीठ बारावी जेथून उत्तीर्ण झाली त्या ठिकाणावरून ठरते. छत्रपती संभाजीनगर, जालना, बीड आणि धाराशिव हे जिल्हे डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाच्या क्षेत्रात, तर नांदेड, लातूर, परभणी आणि हिंगोली हे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या क्षेत्रात येतात. आता अंबाजोगाईची एखादी मुलगी बारावीसाठी लातूरला राहिली असेल, आणि अशी मुले-मुली काही थोडीथोडकी नाहीत, तर ती घरून बीड जिल्ह्याची असली तरी तिचे गृह विद्यापीठ नांदेडचे धरले जाते. तिने संभाजीनगरच्या खासगी महाविद्यालयांचे गृह विद्यापीठाचे कटऑफ पाहून यादी केली, तर ती चुकीच्या रकान्यात पाहत असते. बारावीसाठी पुण्याला गेलेल्या मुलांनाही हेच लागू होते. उदगीर किंवा देगलूरचे जे विद्यार्थी बारावी बीदर अथवा हैदराबादहून करतात ते 'ए' प्रकारात बसत नाहीत. त्यांना स्वतःच्या किंवा आई-वडिलांच्या अधिवासाच्या आधारे 'बी' प्रकारात अर्ज करावा लागतो.

कटऑफच्या यादीत हे सारे सांकेतिक अक्षरांत लिहिलेले असते. 'जीओपीईएनएच' (GOPENH) यातील पहिले 'जी' म्हणजे सर्वसाधारण, 'एल' असल्यास मुलींसाठीच्या 30 टक्क्यांतील जागा. मधली अक्षरे प्रवर्गाची. आणि शेवटचे 'एच' म्हणजे गृह विद्यापीठ, 'ओ' म्हणजे गृह विद्यापीठाबाहेरील, 'एस' म्हणजे राज्यस्तरीय. अनेक शासकीय स्वायत्त संस्थांच्या जागा राज्यस्तरीय असतात, त्यामुळे तेथे आपल्या विभागाचा म्हणून काही लाभ मिळत नाही आणि स्पर्धा थेट पुण्या-मुंबईच्या मुलांशी होते. यादी करण्यापूर्वी स्वतःला लागू होणारे संकेत, मुलीच्या बाबतीत 'जी' आणि 'एल' असे दोन्ही, एका कागदावर लिहून घ्यावेत आणि पुढे केवळ तेच रकाने पाहावेत. मोठी यादी सर्वांत वेगाने आकसते ती येथेच.

कटऑफमध्ये गुणवत्ता क्रमांक आणि पर्सेंटाईल असे दोन्ही आकडे छापलेले असतात. पहिल्या फेरीचा कटऑफ पाहून हताश होऊ नये. त्याच वर्षीच्या शेवटच्या फेरीचा आकडाही शेजारी लिहावा आणि शक्य असल्यास दोन वर्षांचे आकडे घ्यावेत.

खर्चाची चाळणी

प्रत्येक खासगी महाविद्यालयाचे शुल्क शुल्क नियामक प्राधिकरण ठरवते, आणि मंजूर आकडा पाहता येतो. त्यात वसतिगृह व मेस यांचा खर्च मात्र नसतो, आणि पुण्यातील संस्था निवडताना खरा बोजा तोच असतो. कौटुंबिक वार्षिक उत्पन्न 8 लाख रुपयांपर्यंत असल्यास ट्यूशन फी वेव्हर, म्हणजे शिक्षण शुल्क माफीच्या, योजनेतील 5 टक्के अतिरिक्त जागांसाठी अर्ज करता येतो. मात्र त्यांचे चॉइस कोड, म्हणजे अर्जात भरायचे पर्यायांचे क्रमांक, स्वतंत्र असून शेवटी 'टी' असते, म्हणून ते पर्याय वेगळे भरावे लागतात, जे पुष्कळांच्या लक्षात राहत नाही. आर्थिकदृष्ट्या दुर्बल, एसईबीसी आणि इतर मागास प्रवर्गातील याच उत्पन्नमर्यादेतील मुलींना जुलै 2024 च्या शासन निर्णयाने शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्कात पूर्ण सवलत मिळते. ती केंद्रीभूत प्रक्रियेतून झालेल्या प्रवेशालाच लागू आहे. व्यवस्थापन कोटा आणि खासगी स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठे तिच्याबाहेर आहेत. संभाजीनगरातील काही जुनी नावाजलेली महाविद्यालये आता खासगी विद्यापीठांचा भाग झाली असल्याने जुन्या नावावर विसंबू नये.

प्लेसमेंटच्या जाहिरातींबद्दल माझे मत फारसे चांगले नाही. एका विद्यार्थ्याला मिळालेले मोठे पॅकेज फलकावर झळकते, उरलेल्यांचे काय झाले ते कळत नाही. एनआयआरएफ या केंद्र शासनाच्या संस्था-क्रमवारीसाठी संस्थांनी सादर केलेल्या माहितीत किती उत्तीर्ण झाले, किती जणांना नोकरी लागली आणि मध्यक वेतन किती, हे दिलेले असते. ते पाहणे अधिक बरे. ज्या शाखेत जायचे आहे तिला एनबीएचे, म्हणजे राष्ट्रीय मूल्यांकन मंडळाचे, मानांकन आहे का, हेही तपासावे, कारण ते संस्थेला सरसकट नसून शाखानिहाय असते.

क्रम लावताना

इतके गाळल्यावर साधारण तीस-चाळीस पर्याय उरतात आणि माझ्या मते बहुतेकांना तेवढे पुरेसे असतात. क्रम मात्र कटऑफने नव्हे, पसंतीने लावायचा असतो. संगणक वरून खाली पाहत जातो आणि गुणवत्तेनुसार मिळू शकणारा पहिला पर्याय देतो. त्यामुळे नांदेडच्या विष्णुपुरी येथील श्री गुरु गोबिंदसिंघजी संस्थेतील संगणक शाखा मिळणे अवघड असले तरी ती वर ठेवल्याने खालच्या पर्यायांची संधी घटत नाही. याउलट, काहीतरी हमखास मिळावे म्हणून घराजवळचे सोपे महाविद्यालय पहिल्या क्रमांकावर टाकणे महागात पडते. 2025-26 च्या चार फेऱ्यांच्या पद्धतीत पहिल्या फेरीत पहिला, दुसऱ्या फेरीत पहिल्या तीनपैकी आणि तिसऱ्या फेरीत पहिल्या सहापैकी पर्याय मिळाला तर तो आपोआप अंतिम ठरत होता आणि उमेदवाराला पुढच्या फेरीत जाता येत नव्हते. चौथ्या फेरीत मिळेल तो पर्याय अंतिमच होता. म्हणून वरचे सहा पर्याय असे असावेत की त्यांतील कोणताही मिळाला तरी पुढे पाहावेसे वाटू नये. चालू वर्षी हे आकडे तेच आहेत का, ते माहितीपुस्तिकेत पाहून घ्यावे.

अर्ज भरून तो कन्फर्म केला नाही तर तो विचारात घेतला जात नाही. पुढच्या फेरीसाठी नवा विकल्प अर्ज भरावा लागतो आणि त्यात क्रम बदलता येतो. आधी स्वीकारलेली जागा हाती असताना त्याहून वरचा पर्याय मिळाला की जुनी जागा आपोआप सुटते, म्हणून नव्या अर्जात सध्याच्या जागेपेक्षा कमी आवडीचा एकही पर्याय तिच्या वर येऊ देऊ नये. जागा मिळाल्यावर ऑनलाइन स्वयंपडताळणी करून स्वीकृती शुल्क भरायचे आणि जागा अंतिम झाली की मुदतीत मूळ कागदपत्रांसह महाविद्यालयात हजर व्हायचे. बारावीच्या महाविद्यालयातून शाळा सोडल्याचा मूळ दाखला आधीच काढून ठेवावा. लातूरहून दाखला आणायला एक दिवस जातो आणि मुदत तीन-चार दिवसांचीच असते.