नवऱ्याची तपासणी कधी होणार?

जानेवारी १९८९मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात गडचिरोली जिल्ह्यातल्या दोन गावांचा अभ्यास छापून आला. डॉ. राणी बंग, डॉ. अभय बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी साडेसहाशे बायका तपासल्या होत्या. त्यांतल्या ९२ टक्के बायकांना स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार निघाला. याआधी अशी तपासणी झालेल्या होत्या जेमतेम ८ टक्के. खेड्यातली बाई किती दुखणी अंगावर काढते, हे त्या अभ्यासाने जगासमोर आणलं. पण त्यातला जो भाग लैंगिक संसर्गाचा, तो एकट्या बाईपाशी थांबत नाही. तो दोघांत फिरतो.

आज राष्ट्रीय कार्यक्रमानुसार गरोदर बाई नाव नोंदवायला आली की तिची एचआयव्ही आणि सिफिलिसची तपासणी व्हायला हवी. आशाताई पाठपुरावा करतात, कार्डावर नोंद होते. तिला मोटारसायकलवर घेऊन आलेला नवरा मात्र आरोग्य केंद्राबाहेर गाडीला टेकून उभा असतो. त्याचं रक्त कधी घेतलं जातं? लघवीला जळजळ झाली, पू आला, की मग. किंवा बायकोचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला आणि समुपदेशकाने निरोप धाडला, की तेव्हा. बाईची तपासणी नेमाने आणि पुरुषाची प्रसंगाने, ही रीत मला धोक्याची वाटते, कारण हे आजार लक्षण दाखवतीलच असं नाही.

सिफिलिसचंच घ्या. गावात याला गरमी म्हणतात. संसर्गानंतर साधारण तीन आठवड्यांनी इंद्रियावर एक फोड उठतो, त्याची जखम होते. ती दुखत नाही. मलम लावा, झाडपाला लावा, काहीच करू नका, तीन ते सहा आठवड्यांत ती भरून येते. ‘आपोआपच सुकलं जी, आता काय दाखवाचं?’ असं माणूस म्हणतो, आणि त्याच्या जागी कुणीही तेच म्हणेल. पण जंतू रक्तात गेलेला असतो. पुढे काहींच्या तळहातावर-तळपायावर पुरळ येतो, तोही जातो. मग वर्षानुवर्षं काहीच दिसत नाही. या शांत काळात आजार फक्त रक्ततपासणीच दाखवू शकते. बायकोला दिवस गेले असतील आणि तिला लागण झाली, तर मूल पोटातच दगावू शकतं किंवा आजार घेऊन जन्मू शकतं.

तपासणी सोपी आहे. आरपीआर नावाच्या चाचणीत पांढऱ्या कार्डावर रक्तद्रवाचा थेंब ठेवतात, त्यात कोळशाची बारीक पूड मिसळलेलं रसायन टाकतात आणि कार्ड आठ मिनिटं यंत्रावर फिरवतात. काळे कण गुठळ्या होऊन वेगळे दिसले तर चाचणी पॉझिटिव्ह. व्हीडीआरएलचं तत्त्व हेच, फक्त ती सूक्ष्मदर्शकाखाली पाहावी लागते. या दोन्ही चाचण्या जंतू शोधत नाहीत. त्या शरीराने तयार केलेली एक प्रकारची प्रतिपिंडं शोधतात, आणि तशी प्रतिपिंडं हिवतापात आणि कुष्ठरोगातही तयार होऊ शकतात. गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात हिवताप आहे, पूर्व विदर्भात कुष्ठरोग अजून आहे. म्हणून एका व्हीडीआरएलवरून कुणाच्या चारित्र्याचा निकाल लावू नये. टीपीएचएसारखी दुसरी चाचणी करून खात्री करायची असते. हा मुद्दा मी मुद्दाम लांबवतोय, कारण एका अर्धवट रिपोर्टवरून घर मोडू शकतं.

परमा म्हणजे गनोरिया. पुरुषांत तो बहुधा दोन ते सात दिवसांत पू दाखवतो, म्हणून माणूस दवाखाना गाठतो. त्याच वाटेने येणारा क्लॅमिडिया हा दुसरा संसर्ग मात्र निम्म्या पुरुषांत काहीच लक्षण देत नाही. या दोघांची खरी चाचणी म्हणजे लघवीतल्या जंतूची जनुकीय तपासणी. तिच्यासाठी तासभर लघवी न करता मग सुरुवातीची थोडी धार बाटलीत घ्यावी लागते. तालुक्याच्या ठिकाणी ही सोय सहसा नसते. तिथे लक्षणांवरून औषध देतात. लैंगिक आजारांच्या सरकारी सुरक्षा क्लिनिकमध्ये पू येणाऱ्या पुरुषाला करड्या रंगाचं किट मिळतं, त्यात अझिथ्रोमायसिन आणि सेफिक्झिमच्या गोळ्या असतात. जोडीदारालाही औषध द्यायचं असतं. एकट्यानेच गोळ्या खाल्ल्या तर पुन्हा लागण होते. ही पद्धत प्रयोगशाळेविना चालते, पण ज्याला लक्षणच नाही तो तिच्यातून सुटतो.

भिंतीवरच्या जाहिराती वाचून ‘धातू जाते’ म्हणून हजारो रुपये घालवणारे पुरुष आपल्याकडे खूप आहेत. धातू जाणं हा आजार नाही. खऱ्या आजाराची तपासणी सरकारी रुग्णालयात फुकट होते, आणि तिकडे मात्र पाऊल वळत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२०मध्ये जगात ७१ लाख प्रौढांना नव्याने सिफिलिस झाला. २०२२मध्ये ८० लाखांना. याचा अर्थ प्रत्येक पुरुषाने दरवर्षी सगळ्या चाचण्या कराव्यात असा नाही. इंग्लंडनेही २०२१पासून क्लॅमिडियाची सरसकट मोहीम तरुण स्त्रियांपुरती ठेवली. पण नवा किंवा एकाहून अधिक जोडीदार असेल, ट्रकवर, वीटभट्टीवर, खाणीवर महिनोन्‌महिने घराबाहेर राहताना निरोधशिवाय संबंध आला असेल, तर रक्त तपासावं. पुरुषांशी संबंध असलेल्या पुरुषांनी अधिक नियमाने. त्यांतले अनेकजण विवाहित असतात. घशातला किंवा गुदद्वारातला संसर्ग लघवीच्या तपासणीत सापडत नाही, त्यामुळे डॉक्टरांना खरं सांगणं भाग आहे. आणि बायको गरोदर असेल तर त्याच दिवशी नवऱ्याचंही बोट टोचावं. झटपट चाचणीला पंधरा-वीस मिनिटं लागतात, तेवढा वेळ तो तसाही थांबलेला असतो.

संबंधानंतर दुसऱ्या दिवशी केलेली तपासणी काही सांगत नाही. प्रतिपिंडं तयार व्हायला आठवडे लागतात, म्हणून पहिला रिपोर्ट निगेटिव्ह आला तरी तीन महिन्यांनी परत जावं. एचआयव्हीच्या बाबतीत २०१८पासून लागू झालेल्या कायद्याने संमतीशिवाय चाचणी करता येत नाही, आणि रिपोर्ट मालकाला किंवा सरपंचाला सांगता येत नाही. शंका असल्यास १०९७ हा एड्स हेल्पलाइनचा फोन मोफत आहे.

सिफिलिस निघालाच तर पेनिसिलिन त्यावर आजही चालतं. या जंतूपुढे ते अजून निकामी ठरलेलं नाही. सुरुवातीच्या काळात सापडला तर २४ लाख युनिटांचं बेंझाथिन पेनिसिलिन, कमरेत, एकदाच. त्यानंतर सहा आणि बारा महिन्यांनी पुन्हा रक्त द्यायचं असतं. आरपीआर किंवा व्हीडीआरएलच्या रिपोर्टवर प्रतिपिंडं किती आहेत हे सांगणारा आकडा असतो; तो समजा १:३२ होता आणि १:८वर किंवा त्याखाली आला तर औषध लागू पडलं असं समजतात. कामासाठी तेलंगणात जाणाऱ्याने पहिल्या रिपोर्टचा फोटो मोबाइलमध्ये ठेवावा, कारण पहिला आकडा कळल्याशिवाय तिथल्या डॉक्टरला दुसऱ्याचा अर्थ लावता येत नाही.