जुनी मंडई वाढवताना: जुळणारं वेगळं, हुबेहूब वेगळं

जुनी मंडई वाढवायची म्हटली की सूचना ठरलेली: "नवा भागही हुबेहूब तसाच बांधा, म्हणजे वारसा जपला जाईल." असा वारसा जपला जात नाही. जुळणारं बांधकाम आणि नक्कल यांत गल्लत करणं आता पुरे.

दुरुस्ती सगळ्यांना ठाऊक आहे. फुटकी कौलं बदलायची, दगडांच्या दरजा चुन्याने भरायच्या, सिमेंटने नाही. तिथे मुळाबरहुकूमच काम हवं. घोळ होतो तो भर घालताना.

मुंबईचं क्रॉफर्ड मार्केट पाहा. विल्यम इमर्सनने आखलेली ही इमारत १८६९ची, दारांवर लॉकवुड किपलिंगची शिल्पं. दगडी कमानीत प्रत्येक दगड शेजारच्याला रेटून धरतो, भार खाली उतरवतो. तिच्या शेजारी काँक्रीटच्या तुळईखाली फायबरची कमान चिकटवली, तर ती कशाचाच भार घेत नाही. बोटाने टकटक करा, पोकळ वाजते. मग पाहणाऱ्याला खऱ्या कमानीचाही भरवसा वाटेनासा होतो. मला सगळ्यात जास्त चीड याचीच येते. जुन्या वास्तूंच्या जतनाची तत्त्वं सांगणारी १९६४ची आंतरराष्ट्रीय व्हेनिस सनद स्पष्ट सांगते: टाळता न येणारं नवं काम मूळ रचनेहून वेगळं ओळखू यावं, त्यावर त्याच्या काळाची खूण असावी.

वेगळं म्हणजे काचेचा चकचकीत ठोकळा नव्हे. जुळवायचं ते मापांत: खांबांमधलं अंतर, पागोळीची रेषा, वरून येणारा उजेड. उंच छपराखाली गरम हवा वर चढते आणि झडपांतून निघून जाते, भाजीवाल्याला हेच हवं असतं. नव्या भागात फॉल्स सीलिंग ठोकून हा गुण घालवू नका, मग कमानी कितीही नक्षीदार असोत.

सांध्याकडेही नीट बघा. जुना पाया कधीच बसलाय, नवा अजून खचणार. दोन्ही भिंती एकमेकींत गुंतवल्या तर तडा जुन्या भिंतीला जातो. म्हणून मध्ये फट सोडायची आणि वरून पन्हाळ घालून ती झाकायची.

मला विचाराल तर नवा भाग मागच्या अंगाला, जुन्यापेक्षा बुटका, लोखंडी खांबांचा आणि साध्या उतरत्या छपराचा असावा. जमीन मात्र दोन्हीकडे एकाच पातळीत ठेवा. डोक्यावर पाटी असलेल्याला पायरी दिसत नाही.