क्राफ्ट ब्रुअऱ्यांची खरेदी

बिअर बनवणाऱ्या बड्या कंपन्यांनी छोट्या, स्वतंत्र ब्रुअऱ्या (बिअरचे कारखाने) पूर्णतः किंवा अंशतः विकत घेण्याचा व्यवहार. याची सुरुवात बरीच आधी झाली असली, तरी त्याला ऊत आला तो २०११ नंतरच्या दशकात. मुख्यतः अमेरिकेत आणि पाठोपाठ ब्रिटन व ऑस्ट्रेलियात. विक्रीनंतर बाटलीवरचे नाव, चित्र आणि गावाचा उल्लेख बहुधा तसाच राहतो. मालक तेवढा बदलतो आणि ते गिऱ्हाइकाला कळेलच असे नाही. वादाचे मूळ इथेच आहे.

‘क्राफ्ट’ कुणाला म्हणायचे, हे अमेरिकेत ब्रुअर्स असोसिएशन ही उत्पादकांची संघटना ठरवते. वर्षाला ६० लाख बॅरलपर्यंत उत्पादन (अमेरिकी बिअर बॅरल म्हणजे सुमारे ११७ लिटर) आणि क्राफ्ट नसलेल्या मद्यकंपनीची मालकी २५ टक्क्यांहून कमी, या तिच्या दोन प्रमुख अटी. पहिली अट पूर्वी २० लाख बॅरलची होती. बोस्टन बिअर कंपनी त्या रेषेपाशी पोहोचली, तेव्हा रेषाच पुढे सरकवण्यात आली. त्यामुळे ‘छोटी’ हे विशेषण फारसे मनावर घेण्यात अर्थ नाही. खरी कसोटी मालकीची आहे.

या व्यवहाराचा जुना नमुना बेल्जियममध्ये सापडतो. हूखार्डन गावातील गव्हाची पांढरी बिअर जवळजवळ नामशेष झाली होती. पिटर सेलिस या दूधवाल्याने १९६६ मध्ये ती पुन्हा बनवायला घेतली. १९८५ मध्ये त्याची ब्रुअरी जळाली. विम्याचे पैसे पुरले नाहीत, तेव्हा एका मोठ्या बिअर कंपनीने भांडवल दिले. पुढे ही कंपनी बेल्जियमच्याच इंटरब्रू या बिअर समूहात आली आणि ब्रुअरीचा ताबाही समूहाकडे गेला. सेलिसने टेक्सासमधील ऑस्टिनला जाऊन १९९२ मध्ये नवी ब्रुअरी काढली. तीही मिलर कंपनीच्या हाती गेली आणि काही वर्षांतच बंद पडली. इकडे २००५ मध्ये इनबेव्हने (इंटरब्रूचा पुढचा अवतार) हूखार्डनचे उत्पादन झुपिल येथील मोठ्या कारखान्यात हलवायचे ठरवले. गावकरी आणि कामगार रस्त्यावर उतरले. २००७ मध्ये कंपनीने निर्णय मागे घेतला आणि ती बिअर गावातच राहिली. गाव जिंकल्याची अशी उदाहरणे फार थोडी.

अमेरिकेत सुरुवात सबुरीने झाली. बडवायझर बनवणाऱ्या अनहायझर-बुश कंपनीने १९९४ मध्ये रेडहुक आणि १९९७ मध्ये विडमर ब्रदर्स या ब्रुअऱ्यांत हिस्सा घेतला. बदल्यात या दोघांच्या बिअरना तिच्या वितरकांचे जाळे मिळाले. २००८ मध्ये खुद्द अनहायझर-बुशलाच इनबेव्हने सुमारे ५,२०० कोटी डॉलर मोजून गिळले. या नव्या समूहाने (एबी इनबेव्ह; अमेरिकेत त्याचा धंदा अनहायझर-बुश याच नावाने चालतो) मार्च २०११ मध्ये शिकागोची गूस आयलंड ३ कोटी ८८ लाख डॉलरना घेतली आणि खरेदीचा धडाका सुरू झाला. ब्लू पॉइंट, टेन बॅरल, एलिशियन, गोल्डन रोड, फोर पीक्स, ब्रेकनरिज, लंडनची कॅम्डन टाउन अशा ब्रुअऱ्यांची नावे पाच वर्षांत त्याच्या वहीत चढली. इतरांनाही मग गप्प बसवेना. नेदरलँड्सच्या हायनेकेनने २०१५ मध्ये कॅलिफोर्नियाच्या लगुनिटासचा अर्धा हिस्सा आणि २०१७ मध्ये उरलेला अर्धा घेतला. त्याच २०१५ मध्ये कॉन्स्टेलेशन ब्रँड्स या मद्यकंपनीने सॅन दिएगोच्या बॅलास्ट पॉइंटसाठी तब्बल १०० कोटी डॉलर मोजले. गूस आयलंडच्या किमतीशेजारी हा आकडा ठेवला, की चार वर्षांत बाजार किती तापला होता ते कळते.

बड्या कंपन्यांना यातून काय हवे होते? पाककृती नक्कीच नव्हे. हवे तितके हॉप्स (बिअरला कडवटपणा देणारी फुले) घालून पेल एल ही कडू बिअर बनवणे त्यांच्या तंत्रज्ञांना अवघड नव्हते. पण लागर या नेहमीच्या फिक्या बिअरचा खप घसरत होता, जास्त पैसे मोजणारे गिऱ्हाईक त्यांच्या नावाकडे पाठ फिरवत होते, आणि विश्वासार्ह नाव कारखान्यात तयार होत नाही. गूस आयलंडची ‘३१२’ ही गव्हाची बिअर शिकागोच्या टेलिफोन कोडवरून ओळखली जाते. विक्रीनंतर ती न्यूयॉर्क राज्यातील बाल्डविन्सव्हिलच्या कारखान्यात बनू लागली. चवीत फरक पडला की नाही यावर शौकिनांनी बरीच डोकेफोड केली. ती बव्हंशी व्यर्थ होती, कारण मोठ्या कारखान्यात प्रत्येक घाणा सारखा उतरवण्याची शिस्त छोट्यांपेक्षा सहसा अधिकच असते.

खरा फरक पडला तो वितरणात. दारूबंदी १९३३ मध्ये उठल्यानंतर अमेरिकेतील बहुतेक राज्यांनी उत्पादक, वितरक आणि विक्रेता असे तीन थर वेगळे ठेवले. वितरकाच्या ट्रकवर जागा मिळाली नाही, तर छोट्या ब्रुअरीचा माल शेजारच्या जिल्ह्यातही पोहोचत नाही. पण त्याच वितरकाचा बहुतांश धंदा एखाद्या बड्या कंपनीवर चालतो, आणि तिच्याकडेच आता ‘क्राफ्ट’ वाटणारी डझनभर नावे असतात. मग त्याने बाहेरची बिअर का उचलावी? २०१५ मध्ये अनहायझर-बुशने वितरकांसाठी एक योजना पुढे आणली: विकलेल्या मालात तिच्याच बिअरचे प्रमाण जितके जास्त, तितका जाहिरातखर्चाचा परतावा अधिक. पुढच्या वर्षी एबी इनबेव्हला सॅबमिलर ही प्रतिस्पर्धी बिअर कंपनी विकत घेण्यास मंजुरी देताना अमेरिकेच्या न्याय खात्याने अशा योजनांवर बंधने घातली आणि नव्या क्राफ्ट ब्रुअऱ्या घेण्याआधी खात्याला कळवण्याची अट टाकली. दुकानातल्या फळीचा प्रश्न मात्र तसाच राहिला. दहा रंगांच्या दहा बाटल्या पाहून निवडीला भरपूर वाव आहे असे वाटते. त्यातल्या सात एकाच घरच्या असू शकतात.

एलिशियनचे प्रकरण यात सर्वांत चविष्ट. सिएटलच्या या ब्रुअरीने २००८ मध्ये काढलेल्या ‘लूझर’ बिअरवर ‘कॉर्पोरेट बिअर अजूनही भिकारच’ अशा अर्थाचे वाक्य छापले होते. जानेवारी २०१५ मध्ये ती अनहायझर-बुशने घेतली. पुढच्याच महिन्यात सुपर बोल या अमेरिकी फुटबॉलच्या अंतिम सामन्यातील बडवायझरच्या जाहिरातीत भोपळा-पीच एल चघळत बसणाऱ्यांची टर उडवली गेली, आणि अगदी तशी बिअर एलिशियनने बनवली होती. २०१७ मध्ये ॲशव्हिलची विकेड वीड ही ब्रुअरी अनहायझर-बुशला विकली गेल्यावर तिच्या महोत्सवातून अनेक ब्रुअऱ्यांनी अंग काढून घेतले. त्याच वर्षी ब्रुअर्स असोसिएशनने उलट्या बाटलीचे ‘स्वतंत्र’ चिन्ह काढले. शिवाय २१,३०० कोटी डॉलर वर्गणी जमवून खुद्द एबी इनबेव्हच विकत घेण्याची थट्टेखोर मोहीमही चालवली.

विकणाऱ्यांना फितूर म्हणणे सोपे आहे. टाक्या आणि बाटल्या भरण्याची यंत्रे कर्जावर घ्यावी लागतात, संस्थापक थकतात, वारस या धंद्यात येतातच असे नाही. कोलोरॅडोची न्यू बेल्जियम कंपनी कर्मचाऱ्यांच्याच मालकीची होती. २०१९ मध्ये ती जपानी किरीन समूहाच्या लायन कंपनीला विकली गेली. या विक्रीतून ३०० हून अधिक कर्मचाऱ्यांना प्रत्येकी एक लाख डॉलरहून जास्त रक्कम मिळणार असल्याचे कंपनीने जाहीर केले. विक्रीच्या बाजूने मतदान करणाऱ्या त्या कामगारांना दोष देणे कठीण आहे.

पुढे क्राफ्टचा खप मंदावला आणि खरेदीदारांचाच हिशेब चुकला. कॉन्स्टेलेशनने २०१९ मध्ये बॅलास्ट पॉइंट इलिनॉयमधील किंग्ज अँड कन्व्हिक्ट्स या चिमुकल्या ब्रुअरीला विकून टाकली. सॅन फ्रान्सिस्कोची १८९६ पासूनची अँकर ब्रुइंग जपानच्या सप्पोरोने २०१७ मध्ये घेतली आणि २०२३ मध्ये बंद केली. २०२४ मध्ये ती एका दही-उद्योजकाने विकत घेतली. २०२३ मध्येच अनहायझर-बुशने ब्लू पॉइंट, टेन बॅरल, ब्रेकनरिज, रेडहुक, विडमर यांसह आठ नावे गांजाच्या व्यवसायातील टिलरे या कंपनीला साडेआठ कोटी डॉलरना विकली. टिलरेच्या बिअर कंपनीचे नाव ब्रुअर्स असोसिएशनच्या क्राफ्ट उत्पादकांच्या यादीत आहे. त्यामुळे वर्षानुवर्षे ‘क्राफ्ट नव्हे’ म्हणून वगळल्या गेलेल्या यांपैकी कित्येक ब्रुअऱ्या, टाकीतला एक थेंबही न बदलता, पुन्हा क्राफ्ट ठरल्या.